चौघे, मोत्या आणि चाकांवरचे बिऱ्हाड

परदेशप्रवासाच्या लेखात पहिल्या परिच्छेदात विमानतळ आणि दुसऱ्यात हॉटेल यावे, असा आपल्याकडे जवळजवळ संकेतच आहे. माझ्या या लेखात दोन्ही नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही इंग्लंडातून फ्रान्सला गेलो ते आमच्याच मोटारीने, आणि राहिलो ते मोटारीमागे जोडून नेलेल्या आमच्याच घरात. या घराला कॅरव्हान म्हणतात. आपण 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो तेव्हा त्या शब्दांत थोडी कीव असते. इंग्रज मनुष्य मात्र हे बिऱ्हाड हौसेने विकत घेतो, अंगणात उभे करून धुतो-पुसतो, आणि सुट्टी लागली की पाठीवर टाकून निघतो.

आम्ही लेस्टरला स्थायिक झाल्याला बरीच वर्षे झाली, तरी ही हौस आम्हांला लागली नव्हती. ती लागली मोत्यामुळे. मोत्या हा आमचा तपकिरी लॅब्राडोर कुत्रा. लेक सात वर्षांची असताना तो घरात आला आणि तेव्हापासून आमच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक त्यानेच ठरवले. बहुतेक हॉटेले त्याला घेत नाहीत, आणि कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवले तर तो अन्न सोडतो. म्हणजे एकाने घरी राहायचे आणि तिघांनी जायचे. असे दोन-तीन उन्हाळे गेले. मग २०२१ च्या डिसेंबरात ब्रिटनमधला नियम बदलला. १९९७ नंतर परवाना काढलेल्यांना जड गाडी मागे ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे, ती गेली. हे त्याच गटातले. पुढच्याच वसंतात चारजणांची एक जुनी कॅरव्हान आमच्या दारात उभी राहिली.

तरी पहिले वर्ष इंग्लंडातच काढले. फ्रान्सचा बेत २०२३ मध्ये ठरला, आणि तो ठरण्यामागे एक न बोललेली गोष्ट होती. लेक अठराची झाली होती. आपल्याकडच्या बारावीच्या तोडीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली होती, आणि निकाल मनासारखा लागला तर सप्टेंबरात ती स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला समुद्री जीवशास्त्र शिकायला जाणार होती. मोत्या अकरा वर्षांचा झाला होता. मोटारीत चढताना त्याचे मागचे पाय आता हातांनी उचलून द्यावे लागत. पुढच्या उन्हाळ्यात हे पाचही जण एकत्र असतील की नाही, हे आमच्यापैकी कुणी उच्चारले नाही. "यंदा लांब जाऊ या," एवढेच हे म्हणाले, आणि सगळ्यांनी ताबडतोब माना डोलावल्या.

कुत्र्याला घेऊन चाकांवरच्या घरातून हिंडण्याची ही कल्पना मात्र आमची नव्हे. सेवानिवृत्त आरमारी डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून खास सहलीसाठी एक घर बांधवून घेतले. नाव ठेवले 'वाँडरर', म्हणजे भटक्या. दोन घोडे जुंपून ते त्यातून इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर 'हरिकेन बॉब' नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा धिप्पाड कुत्रा होता आणि एक पोपटही होता. ज्यांना आजच्या हौशी कॅरव्हानवाल्यांचे मूळपुरुष मानतात, त्यांच्याही पायाशी कुत्रा होता, हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांनी मोत्याला पोपट आणण्याची मागणी केली. ती फेटाळली.

आता कागदपत्रांविषयी. आम्हां माणसांना पासपोर्ट पुरले. खरी उस्तवार मोत्याची. एके काळी कुत्र्याला परदेशी नेणे सोपे होते, परत आणणे अशक्यप्राय. ब्रिटनने पिसाळरोगाची इतकी धास्ती घेतली होती की बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलग ठेवीत. २००० साली ती पद्धत सैल झाली आणि कुत्र्यांना पासपोर्टवर जाता-येता येऊ लागले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटनमध्ये काढलेले ते पासपोर्टही निकामी झाले. आम्ही गेलो तेव्हाचा नियम असा: कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप हवी, पिसाळरोगाची लस टोचून एकवीस दिवस झालेले हवेत, आणि निघण्यापूर्वी दहा दिवसांच्या आत पशुवैद्याकडून आरोग्याचा दाखला घ्यायला हवा. हा दाखला म्हणजे पानेच्या पाने. त्याची फी शंभर पौंडांहून अधिक. शिवाय परतताना आणखी एक अट: ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी किमान २४ आणि कमाल १२० तास, एवढ्या अवधीत तिकडच्या पशुवैद्याने त्याला पट्टकृमीचे औषध देऊन दाखल्यावर तशी नोंद करायची. या अटीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. ती पुढे आमची परीक्षा पाहणार आहे.

दुसरा नियम माझ्या स्वयंपाकघरावर आला. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे मोत्याचे नेहमीचे खाणेही नाही आणि माझी तुपाची बरणीही नाही! डाळ, तांदूळ, मसाले आणि कुकर तेवढे बरोबर घेतले.

जुलैच्या अखेरीस निघालो. कॅरव्हान मागे असली की इंग्लंडच्या महामार्गावर साठ मैलांच्या वर जायचे नाही आणि तीन पदरांपैकी सर्वांत वेगाच्या पदरात शिरायचे नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याच्या झोताने मागचे घर डुलते. चालत्या कॅरव्हानमध्ये माणसांनी बसायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पाचही जण मोटारीत. फोकस्टनला मोटार आणि कॅरव्हान अशी अख्खी वरात सरळ आगगाडीच्या डब्यात चढते. गॅसची टाकी बंद आहे ना, हे आधी पाहतात. मग पस्तीस मिनिटांत खाडीखालच्या बोगद्यातून गाडी फ्रान्सात कॅलेला. १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा पन्नास किलोमीटर लांब आहे आणि त्यातले सुमारे अडतीस किलोमीटर समुद्राच्या तळाखालून जातात. मोत्या हे सारे अंतर झोपला.

फ्रान्सात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. इंग्लंडच्या कॅरव्हानचे दार डावीकडे असते, म्हणजे तिकडे पदपथाच्या बाजूला. फ्रान्सात ते नेमके रहदारीच्या बाजूला उघडते. म्हणून रस्त्याकडेला थांबून चहा करण्याचा माझा बेत पहिल्याच दिवशी रद्द झाला.

पहिला थांबा कॅलेपासून फार लांब नव्हता, आणि तो ह्यांचा हट्ट होता. नव-शापेल नावाच्या खेड्याजवळ, एका हमरस्त्याच्या चौकाला लागून, पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा भारतीय सैनिकांचे व मजुरांचे स्मारक आहे. १९२७ साली त्याचे अनावरण झाले. गोलाकार भिंतीचे आवार, मध्ये पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, त्याच्या पायथ्याशी दोन कोरीव वाघ, आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे.

आत जाण्याच्या वेळी मोत्याचा प्रश्न उभा राहिला. अशा जागी कुत्रे नेणे आम्हांला प्रशस्त वाटेना. तेव्हा ठरले, की दोघांनी आत जायचे आणि दोघांनी मोत्याला घेऊन बाहेर थांबायचे, मग अदलाबदल. हे आणि चिरंजीव आधी गेले. परत आले तेव्हा चिरंजीव मला म्हणाला, "आई, खडकीचे लोक आहेत आत. बाबांनी दाखवलं. तू शोध, मी जागा सांगणार नाही." खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच खेड्यावरच्या हल्ल्यात होत्या, आणि त्यांची मोठी हानी झाली. माझे माहेर पुण्याचे. खडकीवरून लोकलने कितीदा गेले असेन! लेक आणि मी भिंतीवरून बोट फिरवत गेलो. इंग्रजी अक्षरांत कोरलेली मराठी वळणाची नावे मी तिला मोठ्याने वाचून दाखवली, कारण तिने ती वाचली असती तर त्यांचे उच्चार इंग्रजी झाले असते. बाहेर आलो तेव्हा मुलाने विचारले, "सापडले?" मी मान हलवली. त्या दिवशी मोटारीत बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

तिथून पश्चिमेला नॉर्मंडीत उतरलो आणि बायो गावाच्या उत्तरेला समुद्राजवळच्या एका तळावर दोन आठवडे बिऱ्हाड मांडले. कॅरव्हान लावणे हा एक कौटुंबिक विधीच असतो. ती मागे घेताना चाक उलट्या दिशेने फिरवावे लागते: कॅरव्हान उजवीकडे जायला हवी असेल तर मोटार आधी डावीकडे. हे चाकावर, मी मागे उभी राहून हातवारे करणार. संसाराची परीक्षा घेणारा याहून चांगला प्रसंग मला ठाऊक नाही. एकदा ती जागी बसली की लेक पाणसळ ठेवून चारी कोपऱ्यांचे पाय फिरवून खाली घेणार, चिरंजीव पाण्याचे पिंप नळापासून लोळवत आणणार, हे वीज जोडणार आणि शौचपेटीची जबाबदारीही त्यांच्याचकडे. वीज मोजून मिळते. सहा अँपिअरच्या जोडणीवर घरची किटली लावली की सगळा अंधार. तेव्हा चहा गॅसवर. पाव हवा असेल तर आदल्या संध्याकाळी कचेरीत सांगून ठेवायचा, सकाळी गरम मिळतो.

घर एवढेसे, की एकजण उठला तर दुसऱ्याने बसायचे. घरी लेस्टरला चार खोल्यांत चार दारे बंद असतात. इथे एकच दार, आणि ते मोत्या अडवून बसलेला.

तिसऱ्या दिवशी मला तुपाची आठवण असह्य झाली. नॉर्मंडी म्हणजे लोण्याचा प्रांत. इझिन्यीचे लोणी तर साऱ्या फ्रान्सात नावाजलेले. चिरंजीवांना दुकानात पाठवले, त्यांनी खारवलेले आणले. म्हटले, बघू या. मंद आचेवर कढवले, आणि काय सांगू, तूप अळणीच निघाले, सगळे मीठ बेरीत उतरले. वास मात्र साऱ्या तळावर गेला. शेजारच्या कॅरव्हानमधले डच आजोबा वास घेत आले, त्यांच्या मागून त्यांची पत्नी आणि त्यांची लहानशी कुत्री. दोघांनी उभ्या-उभ्या वरणभात खाल्ला. आजोबांनी खारी बेरी पावाला लावून खाल्ली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत मला सांगितले, की वरणभात छान आहे, पण हे काळे-काळे अधिक छान आहे. त्यानंतर रोज संध्याकाळी मोत्या आणि ती कुत्री दोन्ही कॅरव्हानांच्या मधल्या हिरवळीवर पडून राहत आणि आम्ही माणसे त्यांच्या निमित्ताने बोलत बसू. तळावर कुत्रा नसलेल्या माणसाला लोक हसून पुढे जातात. कुत्रा असलेल्याजवळ थांबतात.

उन्हाळ्यात तिकडच्या पुष्कळशा किनाऱ्यांवर दिवसा कुत्र्यांना मज्जाव असतो. म्हणून मोत्याला घेऊन भल्या सकाळी निघायचे. ते काम लेकीने आपणहून घेतले. आरोमांशच्या समुद्रात १९४४ सालच्या स्वारीसाठी दोस्तांनी उभारलेल्या कृत्रिम बंदराचे अजस्र सिमेंटचे ठोकळे अजून उभे आहेत. ओहोटीला त्यांतल्या काहींच्या जवळपर्यंत चालत जाता येते. ती परत आली की खिशातून शिंपले काढी आणि ओहोटीत काय काय उघडे पडले ते सांगत बसे. आम्ही अंथरुणातूनच ऐकत असू.

पाळी-पाळीने पाहायची ही रीत खरी रंगली ती बायोला. तिथे सुमारे ७० मीटर लांबीची एक जगप्रसिद्ध तागाची पट्टी आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले त्याची कथा तीवर लोकरीच्या धाग्यांनी भरली आहे. काम अकराव्या शतकातलेच. (आम्ही पाहिले ते संग्रहालय नव्या बांधणीसाठी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बंद झाले, जाणाऱ्याने आधी चौकशी करावी.) कुत्र्यांना आत प्रवेश नव्हता आणि फोटो काढायलाही बंदी होती. त्यामुळे आधी गेलेल्यांनी बाहेर थांबलेल्यांना जे दाखवायचे ते शब्दांनीच.

लेक आणि चिरंजीव आधी गेले. तासाभराने आमचा चौदा वर्षांचा मुलगा, ज्याच्या तोंडून घरी "हो", "नाही" आणि "भूक लागली" याखेरीज काही निघत नाही, तो चर्चजवळच्या बाकावर आमच्यासमोर उभा राहिला आणि पंचवीस मिनिटे बोलला. शेपटीचा तारा आकाशात, तो हॅलेचा धूमकेतू. घोडे नावेतून उतरतात. मेलेल्या शिपायांची चिलखते ओढून काढतात. "आणि आई, अगदी सुरुवातीला हॅरल्ड इंग्लंडातून इकडे यायला निघतो ना, तेव्हा त्याची माणसं पाण्यातून चालत नावेकडे जातात, आणि कुत्रे असे काखेत धरलेले! पाय भिजू नयेत म्हणून!" त्याने मोत्याला काखेत धरून दाखवण्याचा प्रयत्न केला. तीस किलोचा कुत्रा, मुलगा बाकावर कोसळला.

मग आम्ही दोघे आत गेलो. खरेच होते. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा हाताने टाके घातले होते, आणि कुत्रे काखेत होते. कुणाकडे दाखला नाही, चिप नाही. पण खरे सांगायचे तर मी पट्टी पाहत होते ती मुलाच्या डोळ्यांनी. तो नसता बोलला तर त्या इवल्याशा कुत्र्यांवरून मी सरळ पुढे गेले असते. चौघे एकदम आत गेलो असतो, तर प्रत्येकाच्या कानाला यंत्र लावलेले असते आणि बाहेर आल्यावर "छान होतं" एवढ्यावर काम भागले असते. बाहेर कुणीतरी थांबले आहे, त्याच्यासाठी नीट पाहून घ्यायला हवे, ही जबाबदारी मोत्याने आम्हां सर्वांवर टाकली होती.

मों-सॅं-मिशेललाही तसेच झाले. समुद्रातल्या खडकावरचा तो मठ आणि त्याला २०१४ साली जोडलेला देखणा पूल याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी भर घालत नाही. मठात कुत्र्याला मनाई, म्हणून लेक आणि हे वर गेले, मी आणि चिरंजीव खाली. त्या उपसागरात भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक चौदा मीटरपर्यंत जातो. वरून लेकीला भरतीची रेघ वाळूवर पुढे सरकताना दिसली. खाली आल्यावर तिने ती मला इतक्या बारकाव्याने सांगितली, की ॲबर्डीनचा अभ्यासक्रम तिने का निवडला हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

ऑगस्टच्या चौदा तारखेला आम्ही कॅलेजवळच्या तळावर आलो. परतीची गाडी सतरा तारखेच्या दुपारची. आता पशुवैद्य. आणि इथे फ्रेंच पंचांग आडवे आले. पंधरा ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन. फ्रान्सात त्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण, सार्वत्रिक सुट्टी. त्या वर्षी तो मंगळवारी आला होता. सुट्टी मंगळवारी आली की फ्रेंच लोक सोमवारही सोडून देतात. याला ते 'पूल बांधणे' म्हणतात. आमचा वैद्यही पुलावर होता. उरली सोळाची सकाळ. ती चुकली, तर चोवीस तास भरत नाहीत, आणि मोत्या फ्रान्सात.

भरीला भर म्हणजे सतरालाच लेकीचा निकाल होता.

सोळाला दवाखाना उघडण्याआधी आम्ही दारात. वैद्यांनी मोत्याला प्रेमाने तपासले, गोळी दिली, दाखल्यावर तारीख घातली, शिक्का मारला, सही केली. हे पैसे द्यायला वळले. लेक दाखला वाचत उभी होती. ती तिच्या शाळेतल्या फ्रेंचमध्ये शांतपणे म्हणाली, "माफ करा, इथे वेळही लिहायची आहे." तारीख होती, तास नव्हता. २४ आणि १२० चा हिशेब तासांवर असतो; रकाना रिकामा राहता, तर दुसऱ्या दिवशी खिडकीवर आम्हांला परत फिरवले असते. वैद्यांनी कपाळाला हात लावला, वेळ लिहिली, आणि लेकीशी हस्तांदोलन केले. आम्ही दोघे आईबाप नुसते पाहत राहिलो. कागदपत्रे वाचायची ती आम्ही, असे अठरा वर्षे चालले होते.

सतराच्या सकाळी कुणाला झोप नव्हती. निकाल इंग्लंडच्या घड्याळाने आठनंतर, म्हणजे तिथल्या नऊनंतर, फोनवर येणार होता. नवाला दहा मिनिटे असताना लेक उठली, मोत्याचा पट्टा घेतला आणि म्हणाली, "मी आणि मोत्या जाऊन येतो." मुलगा तिच्या मागे निघाला, त्याला ह्यांनी दंडाला धरून बसवले. कुंपणापलीकडच्या गव्हाच्या कापलेल्या शेताकडे दोघे गेली. ती भरभर, मोत्या त्याच्या चालीने, म्हणून तीही मग हळू. आम्ही तिघे कॅरव्हानच्या पायरीवर बसून होतो. एव्हाना सवय झाली होती. एकजण पाहायला गेला की बाकीच्यांनी बाहेर थांबायचे, मग तो येऊन सांगतो.

ती आली तेव्हा तिचा चेहरा काही सांगेना. जवळ आल्यावर म्हणाली, "मिळालं. ॲबर्डीन."

मुलगा ओरडला, "म्हणजे मोत्याला आधी कळलं!" ह्यांनी "वा, वा," म्हटले, आणि लगेच कोपऱ्यांचे पाय वर घ्यायला मागच्या बाजूला गेले. ते काम लेकीचे होते. तिथे त्यांना बराच वेळ लागला.

कॅलेच्या जनावरांच्या खिडकीवर चिप वाचायचे यंत्र आपल्याच हाती देतात. लेकीने ते मोत्याच्या मानेवरून फिरवले, आकडा जुळला. खिडकीतल्या बाईंनी दाखल्यावरचा वेळेचा रकाना बोटाने शोधला, मनातल्या मनात तास मोजले, आणि मान डोलावली.

गाडी बोगद्यात शिरली. तिथे बाहेर पाहण्यासारखे काही नसते. तेव्हा मी लेकीला म्हटले, "आता नीट सांग. शेतात काय झालं?" आणि तिने सांगितले: फोन कसा तीनदा उघडला नाही, मोत्या एका बिळाशी कसा अडून बसला, पडद्यावर पहिला शब्द कोणता दिसला, आणि मग दोन मिनिटे ती त्याच्या शेजारी धसकटांवर नुसती बसून कशी राहिली. पुढची चार वर्षे ती पुष्कळ काही एकटीनेच पाहणार होती. आमची ऐकण्याची तयारी नॉर्मंडीत चांगली झाली होती. मोत्या तिच्या पायांवर डोके ठेवून घोरत होता, आणि इंग्लंड यायला अजून वीस मिनिटे होती.